हिरव्या दिव्यावरचं फडकं

१

थोरल्यांनी सकाळी संगणकापुढे बसून यादी उघडली, तर यादीत काहीच नव्हतं.

आधी त्यांनी चष्मा पुसला. मग पडदा पुसला. मग बायकोला हाक मारली, कारण घरात काय किंवा धंद्यात काय, काही सापडेनासं झालं की आधी बायकोला विचारायचं, ही त्यांची जुनी रीत. वहिनी नोंदणीच्या टेबलावरून उठून आल्या. अख्खी कार्यशाळा त्यांना वहिनीच म्हणायची. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या की मला यातलं काय कळतंय, तुमच्या बहिणीला विचारा.

वहिनींनी हे सहज म्हटलं. थोरल्यांनी ते सहज घेतलं नाही.

कार्यशाळा दातांची. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे आणि इथून कॅप, ब्रिज, कवळ्या जायच्या. पूर्वी सगळं हाताने व्हायचं. आता दाताचा आकार संगणकावर आखायचा आणि कोरणी यंत्राने तो कोरायचा. आखणीचा प्रोग्रॅम मात्र इतका जुना की आजच्या कुठल्याच संगणकावर चालेना. त्यावर धाकट्या बहिणीने तोड काढली होती. कोपऱ्यात जो मोठा लिनक्सचा संगणक होता, त्याच्या पोटात तिने काही लटके संगणक बसवले. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांना ना खोका ना वायर, पण प्रत्येकाला वाटतं आपलं बिऱ्हाड वेगळं. एकत्र कुटुंबातल्या भावांना वाटतं, तसंच. एका मशीनवर आखणी चाले, एकात पेशंटचे जुने जबडे साठवलेले, आणि एक मशीन फक्त कोरणी यंत्राशी बोलायचं.

त्या सकाळी यादीत यातलं एकही दिसत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी बहीणभावांचं जोरदार वाजलं होतं. धाकटीचं म्हणणं, जुना प्रोग्रॅम टाका, नवा घ्या. थोरल्यांचं म्हणणं, जुनं ते जुनं. शेवटी ती म्हणाली होती की एक दिवस हे सगळं आपोआप बंद पडेल, तेव्हा मला हाक मारू नकोस. ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तेव्हा सकाळचं गणित थोरल्यांना फार अवघड गेलं नाही. रागावलेल्या माणसाचं गणित नेहमीच चटकन सुटतं, फक्त उत्तर चुकतं.

धाकटी आली तेव्हा पिशवी अजून तिच्या खांद्यावरच होती.

"पुसलंस ना?" थोरले सगळ्यांदेखत म्हणाले. "माझी इतक्या वर्षांची मेहनत पुसलीस ना, चिमणे?"

तिने दारातूनच त्यांच्या पडद्याकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं.

"दादा, तू विचारतोयस की सांगतोयस?"

"सांगतोय."

"बरं," ती म्हणाली, आणि आल्या पावली गेली.

दुपारपर्यंत थोरल्यांनी ओळखीच्या सगळ्या दंतवैद्यांना फोन करून कळवलं की काम थांबलंय, घरच्याच माणसाने घात केलाय. आठवडा संपायच्या आत बातमी आली, की धाकटीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि उद्याच्या गाडीने ती निघतेय. त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत. आपल्या तोंडून निघालेलं ते एक वाक्य त्या पुन्हा पुन्हा आठवत राहिल्या.

सकाळ होताच त्यांनी बाईंना फोन लावला.

२

बाई म्हणजे तंत्रशाळेत लिनक्स शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. एके काळी धाकटी त्यांच्याच वर्गात होती. बुटक्या, हातात छत्री, तोंडात लवंग. लवंग दाढेसाठी. दाढ केव्हाची ठणकत होती, पण दंतवैद्याची त्यांना भीती. आता दाढ दुखणारी बाई दातांच्याच कार्यशाळेत तपासाला यावी, यावर कार्यशाळेतले जुने कारागीर मेणकाका पहिल्यांदा हसले आणि तो सगळा दिवस मधूनमधून हसत राहिले.

थोरल्यांनी अदबीने संगणकापुढची खुर्ची ओढून दिली. बाई खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या.

"यंत्र कुठे पळून जात नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्याला विचारावं तेवढंच ते सांगतं. आधी माणसं."

पहिले थोरले. त्यांनी सगळी हकिकत सांगितली आणि हकिकतीच्या दुप्पट निकाल सांगितला. हे करायची अक्कल एकट्या चिमणीला आहे, म्हणजे केलं तिनेच. बाईंनी ते कानाआड केलं आणि भलतंच विचारलं: दिवसाचं काम झाल्यावर तुम्ही संगणकाचं काय करता?

यावर थोरले खुलले. ते कधी बाहेर पडतच नसत. पडद्याचं बटण बंद करायचं आणि घरी जायचं. सकाळी बटण दाबलं की कालचं टेबल जिथल्या तिथे. नावाचा आणि पासवर्डचा सोपस्कार रोज कोण करणार? धाकटीची तऱ्हा उलटी. चहाला उठली तरी लॉग आऊट करून उठणार, परत आली की पुन्हा पासवर्ड. "अंगणात जायचं तरी घराला कुलूप लावणारी जात," थोरले म्हणाले, आणि त्यांचा आवाज मध्येच जरा मऊ पडला, तो त्यांनी खाकरून परत कडक केला.

या संगणकात अलीकडे काही बदललं होतं का? थोरले नाही म्हणाले. मग आठवल्यासारखं करून म्हणाले की बदललं असं नाही. पण जबड्याचे ठसे वाचणारा नवा स्कॅनर आला तेव्हा चिमणी तापाने घरी होती, म्हणून मीच इंटरनेटवर वाचून तो जोडायचा प्रयत्न केला. स्कॅनर वापरायचा तर आपलं नाव स्कॅनरच्या गटात असावं लागतं, असं तिथे लिहिलं होतं. तिथली आज्ञा टाइप केली. संगणकाने हूं की चूं केलं नाही, आणि स्कॅनरही चालला नाही. शेवटी चिमणी बरी होऊन आली आणि तिने तो आपल्या टेबलावर जोडून घेतला.

"म्हणजे आज्ञा फुकट गेली," बाई म्हणाल्या.

"साफ फुकट. काहीच झालं नाही. आणि त्यालाही बरेच महिने झाले. त्यानंतर रोज मी सगळी मशीन उघडतच होतो की."

बाईंनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "तुम्ही जे समजताय, थोरले, त्याच्या बरोबर उलटं घडलंय असं मला वाटायला लागलंय. पण घाई नको. वहिनींना पाठवा."

३

वहिनी आल्या त्या गुन्हेगार असल्यासारख्या. बसल्या बसल्याच त्यांनी कबूल करून टाकलं की बहिणीला विचारा असं मीच म्हटलं, माझीच जीभ काळी. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की जिभेचं नंतर बघू, सध्या मी दाढेनेच बेजार आहे.

मग त्या सकाळबद्दल विचारलं. तुम्ही पाहायच्या आधी थोरले त्या संगणकाशी काय काय करत होते? वहिनींनी डोळे मिटून आठवलं. त्या दिवशी संगणकाने नाव आणि पासवर्ड विचारला होता आणि थोरले कुरकुरले होते, एवढं त्यांना आठवत होतं. मग पडद्यावर एक चौकट आली, थोरले तिच्यावर वैतागले आणि त्यांनी ती मिटवली.

"काय लिहिलं होतं तिच्यात?"

"ते कुणी वाचलंय? यांचं नेहमीचंच आहे. समोर काही सांगायला आलं की वाचायच्या आधी मिटवायचं." वहिनी जरा थांबल्या. "मलासुद्धा."

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की दाढेत कळ गेली.

राहिले मेणकाका. कार्यशाळेत सगळ्यात जुना माणूस. कोरणी यंत्र येण्याआधी तेच मेणाचे दात घडवायचे, आणि अजूनही कवळीचं नाजूक काम त्यांच्याकडेच होतं. यंत्रांवर त्यांचा पहिल्यापासून दात. धाकटीखालोखाल संशय घ्यावा तर यांचाच. थोरल्यांनीही बाईंच्या कानात तसं सुचवून पाहिलं होतं.

मेणकाकांनी संशय आनंदाने अंगावर घेतला. म्हणाले की हो, मला हे खोकं नकोच होतं, मी पुसलं असतं. पण मला ते चालू कसं करायचं हेच माहीत नाही, तर पुसणार कुठून? मग त्यांनी गाऱ्हाण्यांचं गाठोडंच सोडलं. भांडण झालं त्या संध्याकाळी सगळे निघत असताना वीज गेली. टेबलाखाली ती बॅकअपची बॅटरी आहे ना, ती मांजर दाराच्या फटीत सापडल्यासारखी किंचाळली आणि मेली. ती म्हातारी झालीय, बदला, असं चिमणी किती दिवस सांगत होती. आणि या कोरणी यंत्राच्या दिव्याचं तर बोलूच नका. बरोबर त्यांच्या डोळ्यांवर येतो. यंत्राचं आतल्या मालकाशी बोलणं चालू असलं की हिरवा, बोलणं तुटलं की तांबडा. रंग कुठलाही असो, मेणावर त्याची झाक पडते आणि दाताचा रंग कळत नाही. म्हणून त्यांनी त्याच्यावर फडकं टाकलं होतं.

"केव्हापासून?"

"दिवा आहे तेव्हापासून. रोज आलो की आधी फडकं."

"आता दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

"हिरवा. वीज गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही हिरवाच होता. का?"

बाई स्टुलावरून उठल्या, कोरणी यंत्राजवळ गेल्या आणि फडकं उचललं. मेणाच्या टेबलावर हिरवा उजेड पसरला. इतक्या दिवसांत मेणकाकांखेरीज तो कुणी पाहिला नव्हता, कारण इतके दिवस सगळे थोरल्यांच्या पडद्याकडे पाहत होते.

"आतला मालक," बाई म्हणाल्या, "म्हणजे ज्या व्हर्च्युअल मशीनशी हे यंत्र बोलतं, ते. पुसलेल्या मशीनशी कुणी बोलतं का हो?"

४

बाईंनी थोरल्यांना खुर्चीत बसवलं आणि एक छोटी आज्ञा टाइप करायला सांगितली. मी कोणकोणत्या गटात आहे, एवढंच त्यांनी संगणकाला विचारायचं होतं. उत्तर एका ओळीत आलं: थोरल्यांचं स्वतःचं नाव, आणि स्कॅनरचा गट. बस.

"पाहिलंत? आज्ञा फुकट गेली नव्हती," बाई म्हणाल्या. "मशीन चालवणाऱ्यांचा एक गट असतो. त्यात नाव असेल त्यालाच ती मशीन दिसतात. तुमचं नाव त्यात होतं. स्कॅनरच्या गटात नाव घालताना संगणकाला स्पष्ट सांगावं लागतं की आधीच्या गटांत भर घाल. तुम्ही ते सांगितलं नाहीत. तेव्हा तो समजला की याला फक्त हाच गट हवाय, बाकीचे काढून टाका. त्याने निमूटपणे काढले."

थोरल्यांनी मान हलवली. तसं असतं तर मशीन त्याच दिवशी दिसेनाशी झाली असती.

"त्याच दिवशी स्कॅनर का चालला नाही?"

थोरल्यांनी धाकटीच्या टेबलावरच्या स्कॅनरकडे पाहिलं.

"संगणक तुमचे हक्क एकदाच मोजतो, तुम्ही आत येता तेव्हा. तुम्ही बाहेरच पडला नाहीत. नवा हक्क लागला नाही तो त्यामुळे, आणि जुना गेला नाही तोही त्यामुळेच. पडदा बंद करून घरी जात राहिलात, आणि तुमचा काढून टाकलेला हक्क खुर्चीत तसाच बसून राहिला. मग एका संध्याकाळी वीज गेली. बॅटरी दमली. संगणक बंद पडला. सकाळी तुम्हाला नव्याने आत यावं लागलं, आणि तेव्हा हिशेब नव्याने झाला."

"मग मशीन?"

"ती विजेबरोबर आपली आपण उठली. धाकटीने तशी सोय करून ठेवलीय. त्यांची दारं तुम्हाला बंद होती, आणि तेच त्या चौकटीत लिहिलं होतं: परवानगी नाही. यादीत दोन ओळी असतात, वरची सगळ्यांच्या मशीनची आणि खालची ज्याच्या त्याच्या; चौकट मिटवून तुम्ही खालची उघडलीत. ती ओळ तुमच्या स्वतःच्या मशीनची. स्वतःचं मशीन तुम्ही कधी केलंच नव्हतं. यादी रिकामी दिसणारच."

वहिनी नोंदणीच्या टेबलाशी उभ्या होत्या, त्या हळूच खाली बसल्या. थोरल्यांनी चष्मा काढला आणि यावेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. मग धंदेवाईक माणसासारखे म्हणाले की ठीक आहे, झालं ते झालं, घाला मला परत गटात.

"ते काम अॅडमिनचं. त्या गटातूनही तुम्ही स्वतःला काढलंय. या खोक्यात तो हक्क आता एकाच माणसाकडे आहे."

ते माणूस कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

थोरल्यांनी विचारलं की दुसरी काही वाट नाही का.

"मागचं दार आहे," बाई म्हणाल्या. "मला येतं ते उघडता. मी उघडणार नाही."

"का पण?"

"दाढ दुखतेय," बाई म्हणाल्या आणि छत्री उचलली.

५

धाकटीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडंच होतं, आत दोरीने बांधलेले खोके. थोरले उंबऱ्याबाहेर उभे राहिले. या खोलीत ते याआधी एकदाच आले होते, कपाट वर चढवायला. तेव्हा जिन्यात दोघं इतके हसले होते की कपाट दोनदा खाली ठेवावं लागलं होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. स्कॅनर, वीज, चौकट, दिवा. सांगताना ते खोक्यांच्या गाठींकडे पाहत होते. ती घड्या घालत ऐकत होती आणि एकदाही चकित झाली नाही. ते थोरल्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

"तुला माहीत होतं?"

"दारातूनच दिसलं. वरची ओळ बंद, खालची उघडी. नेमकं का झालं ते नव्हतं माहीत, पण मशीन जागेवर आहेत एवढं कळलं."

"मग सांगितलं का नाहीस? एका शब्दाचं काम होतं, चिमणे."

"विचारलं होतं मी तुला. विचारतोयस की सांगतोयस म्हणून."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थोरल्यांनी ती दूर जाईपर्यंत ऐकली.

"आता विचारतोय," ते म्हणाले.

तिने शेवटची घडी खोक्यात ठेवली. "आता मी सगळं बांधलंय, दादा," ती म्हणाली. मग चपला घातल्या. "चल. गाडीला अजून वेळ आहे."

६

ती आपल्या टेबलाशी बसली. तिच्याकडे नुसता पडदा आणि कीबोर्ड. काम सगळं कोपऱ्यातल्या त्या खोक्यातच चालायचं. तिने आत जाऊन थोडं टाइप केलं, ओठ घट्ट मिटून, लहानपणी गणित सोडवताना मिटायची तसे. मेणकाकांनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि यंत्राला एक शिवी घातली, ती बहुधा यंत्रासाठी नव्हती.

"झालं," ती म्हणाली. "आता बाहेर पड आणि परत आत ये. त्याशिवाय लागू होत नाही."

थोरले बाहेर पडले. पडदा क्षणभर काळा झाला. त्यांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, वरची ओळ उघडली. आखणीचं मशीन, जबड्यांचं मशीन, कोरणी यंत्राचं मशीन, सगळी ओळीने उभी होती. कधी कुठे गेलीच नव्हती.

"चिमणे, बघ," म्हणत ते हसत वळले. खुर्ची रिकामी होती.

गाडीची वेळ झाली म्हणाली, मेणकाकांनी सांगितलं. चहा तेवढा प्यायली.

थोरल्यांनी आता विचारायची आज्ञा शिकून घेतली होती. मशीनच्या गटात कोण कोण आहे, असं त्यांनी विचारलं. एकच नाव आलं, त्यांचं. अॅडमिनच्या गटात विचारलं. तिथेही एकच. दोन्हींतून तिने आपलं नाव काढलं होतं, आणि बरोबर तेवढंच काढलं होतं, दुसऱ्या कशाला धक्का न लावता. ते नाव परत घालणं आता थोरल्यांच्या हातात होतं. पण ते लागू व्हायचं तर तिने पुन्हा आत यायला हवं.

दुपारी त्यांनी दंतवैद्यांना एकेक करून फोन लावले. पहिल्या वेळी सगळ्यांनी मन लावून ऐकलं होतं, खोदून खोदून विचारलं होतं. या वेळी कुणी म्हणालं बरं बरं, कुणी म्हणालं पेशंट आहे समोर, एकाने विचारलं की पण मग बहिणीने सोडलं का? बदनामी जिना धावत उतरते, खुलासा धापा टाकत चढतो.

संध्याकाळी आवरताना वहिनींनी हाक मारली. "अहो, ही चालूच सोडून गेली की."

थोरले धाकटीच्या टेबलाशी आले. पडद्यावर तिची यादी उघडी होती. नाव काढलं तरी ती बाहेर पडली नव्हती, म्हणून सगळी मशीन तिला अजून दिसत होती. वहिनींनी बंद करायला हात पुढे केला. थोरल्यांनी तो धरला.

"विसरली असेल," वहिनी म्हणाल्या.

"चिमणी?" थोरले म्हणाले. "चहाला उठताना कुलूप लावणारी?"

वहिनींनी हात मागे घेतला.

मग थोरल्यांनी बॅटरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला उद्या येतो, थोरले म्हणाले आजच ये, वीज जायच्या आत. त्यांनी कोरणी यंत्राच्या दिव्यावरचं फडकं उचललं, खिडकीत झटकलं आणि तिच्या कीबोर्डवर पांघरलं.

मेणकाका डोळ्यांवर हात धरून म्हणाले की मग माझ्या मेणाचं काय.

"दिवा दिसू दे, काका," थोरले म्हणाले.